फ्राय ओटोची मॉडेलं: आकार कुठून येतो आणि कोपऱ्यावर जोर किती येतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहात. कॉलेजच्या खुल्या रंगमंचावर 12 बाय 12 मीटरचं टेन्साइल छत, म्हणजे ताणलेल्या कापडाचं छत, सुचवलंत. जर्मन आर्किटेक्ट फ्राय ओटोच्या छतांची चित्रं पाहून स्टॉकिंगचं कापड चार काड्यांवर ताणून मॉडेल केलंत. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे, दोन गोष्टी विचारल्या गेल्या, हा आकारच का आणि कोपऱ्यावर जोर किती, आणि दोन्हींवर गप्प बसावं लागलं. आता ओटोचं आयुष्य आणि काम कुठून समजून घ्यावं आणि मॉडेल कसं सुधारावं, हे तुम्हाला हवं आहे.

तुमच्या हातकामात मला काही खोट दिसत नाही. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. ओटो मॉडेल करायचा ते एखाद्या नेमक्या प्रश्नाचं उत्तर काढायला. काठ कुठे पक्का, कुठे मोकळा, ताण किती, वजन कुठलं, एवढं तो ठरवायचा. आकार मात्र साबणाचा पडदा किंवा लोंबणारी साखळी ठरवायची. तुम्ही स्टॉकिंग ओढताना डोळ्याला बरं दिसेपर्यंत ओढलंत. म्हणजे आकार तुम्हीच ठरवलात आणि त्यामुळे 'का' या प्रश्नाला उत्तर उरलं नाही.

किती खोलात जायचं हे तुमच्याकडे वेळ किती आहे त्यावर ठरेल. फक्त सबमिशन असेल तर पुढे दिलेलं साबणाचं मॉडेल आणि एक स्प्रेडशीट पुरेल. छत खरंच बांधायचं असेल तर वाऱ्याचं गणित, कापडाचे कटिंग पॅटर्न आणि अँकरचं (केबल जमिनीत धरून ठेवणाऱ्या जोडणीचं) डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरनंच करायला हवं. इथले आकडे तेव्हा फक्त अंदाज म्हणून वापरायचे.

आधी ओटोच्या आयुष्यातलं जेवढं त्याची पद्धत समजायला लागतं तेवढं. जन्म 31 मे 1925चा, सॅक्सनीतल्या सिगमारचा. हे गाव आता केमनित्स शहरात आहे. वडील आणि आजोबा शिल्पकार. बर्लिनमध्ये वाढला, दगडकाम शिकला आणि ग्लायडरचा नाद लागला. हलक्या सांगाड्यावर ताणलेलं पातळ कापड हवेत कसं टिकतं, हे त्यानं ग्लायडरमध्येच पाहिलं. युद्धात वैमानिक होता, नंतर फ्रान्समध्ये शार्त्रजवळच्या छावणीत दोन वर्षं युद्धकैदी. तिथे बांधकामाचं काम त्याच्याकडे होतं आणि सामान जवळपास नव्हतंच. कमीत कमी साहित्यात जास्तीत जास्त निवारा, हा त्याचा जन्मभराचा ध्यास तिथे घट्ट झाला असं मी मानतो. 1948मध्ये बर्लिनला परत येऊन त्यानं शिक्षण पुढे नेलं. 1950च्या अमेरिका दौऱ्यात न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअर फ्रेड सेवेरुड यांच्या कार्यालयात त्यानं अमेरिकेतल्याच राली इथल्या अरेनाची ड्रॉइंग्ज पाहिली. केबलच्या जाळ्यावरचं खोगिराच्या आकाराचं ते छत होतं. 1954ची त्याची डॉक्टरेट लोंबत्या छतांवरच आहे.

मग गाठ पडली कॉन्स्टान्सच्या पीटर स्ट्रोमायरशी. स्ट्रोमायरचा तंबू बनवण्याचा कारखाना होता. कापड कसं कापायचं, शिवण कुठे द्यायची, काठाला दोर कसा घ्यायचा हे कारागिराला ठाऊक आणि ताण कसा वाहतो हे ओटोला. कासेलच्या 1955च्या बागप्रदर्शनातला संगीतमंडप हे या जोडीचं पहिलं ठळक काम: दोन कोपरे उंच, दोन खाली, साधं सुती कापड, सुमारे 18 मीटरचा पल्ला (दोन आधारांमधलं अंतर). तुमच्या रंगमंचाला याच्याइतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही. मॉन्ट्रियल आणि म्युनिकची प्रसिद्ध मोठी छतं सध्या बाजूला ठेवा, कासेलपासून सुरुवात करा.

आता साबणाचं मॉडेल. 1:100 प्रमाण घ्या, म्हणजे तुमचं छत 12 सेंटिमीटरचा चौकोन होईल. प्लायच्या लहान तुकड्यात दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या चार तारा उभ्या रोवा. समोरासमोरची एक जोडी दुसरीपेक्षा 2.5 सेंटिमीटर उंच, म्हणजे प्रत्यक्षात अडीच मीटरचा फरक. तारांच्या टोकांना चारही बाजूंनी शिवणाचा सुती दोरा बांधा. दोन टोकांमधलं सरळ अंतर साधारण 12.25 सेंटिमीटर येतं, पण दोरा 12.6 सेंटिमीटर ठेवा. हा किंचित ढिलेपणा मुद्दाम आहे. त्यातून काठाला पल्ल्याच्या दहाव्या हिश्शाइतका झोळ, म्हणजे सरळ रेषेपासून आत गेलेला बाक, मिळतो. नायलॉनचा दोरा घेऊ नका. तो स्वतःच्या ताठपणानं वाकतो आणि उत्तर बिघडवतो.

द्रावणासाठी एक लिटर पाणी, 70 ते 80 मिलिलिटर भांडी घासायचं लिक्विड आणि 40-50 मिलिलिटर ग्लिसरीन. बोअरचं जड पाणी टाळा, डिस्टिल्ड वॉटर घ्या. हलक्या हातानं ढवळा आणि रात्रभर ठेवा. वर फेस राहिला तर तो काढून टाका, कारण बुडबुडा अडकला की पडदा तिथे फुगतो. खोलगट परातीत द्रावण ओता, दोरा आधी भिजवून घ्या आणि मॉडेल उलटं बुडवून सावकाश बाहेर काढा. पडदा हवा तिथे तयार होईलच, पण तारा आणि प्लायच्या मधेही होईल. नको असलेले पडदे कोरड्या काडीनं फोडा. काडी ओली असेल तर ती पडद्यातून आरपार जाते आणि काहीच फुटत नाही. पंखा बंद ठेवा.

आता नीट बघा. दोरा आपोआप आत ओढला जाऊन सगळीकडे एकसारख्या वक्रतेचा कंस झालेला असतो. पडद्याच्या प्रत्येक बिंदूपाशी एका दिशेनं बाक वर आणि आडव्या दिशेनं तितकाच बाक खाली असतो. पडद्यातला ताण सगळ्या दिशांना सारखा आहे, म्हणून दुसरा आकार त्याला घेताच येत नाही. ज्युरीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: हे चार बिंदू, एवढी उंची आणि एवढा झोळ ठरवल्यावर सारख्या ताणाचा हाच एक पृष्ठभाग निघतो. उलट दिशांचे दोन बाक असल्यामुळे वारा खालून उचलायला लागला की एक दिशा ओढ घेते, वरून दाबला की दुसरी. सपाट कापडाला हे जमत नाही. ते फडफडतं आणि शिवणीपाशी फाटतं.

उंचीतला फरक फार कमी ठेवला की नेमकं हेच बिघडतं. 12 मीटरच्या पल्ल्याला अर्धा मीटर फरक दिला तर मधला भाग जवळजवळ सपाट होतो, पावसाचं पाणी साचतं, वजनानं खोलगा वाढतो आणि त्यात आणखी पाणी येतं. महाराष्ट्रातल्या पावसात असं छत एका मोठ्या सरीत जाऊ शकतं. अडीच मीटरच्या खाली मी उतरणार नाही. खालच्या दोन कोपऱ्यांत सगळं पाणी जमणार, तेव्हा तिथे खाली काय आहे हेही ड्रॉइंगमध्ये दाखवा.

मधोमध एक खांब घालून टोक काढायचा मोह बहुतेकांना होतो. साबणाला विचारा, तो नकार देतो. 10 सेंटिमीटर व्यासाच्या दोन कड्यांमध्ये पडदा धरून कडी लांब नेत गेलात तर साधारण 6.6 सेंटिमीटरवर पडदा तुटतो. त्यापलीकडे त्या दोन कड्यांमध्ये सलग पडदा अस्तित्वातच नसतो. कडं लहान केलं तर आणखी लवकर. खऱ्या कापडाचंही तसंच. एका टोकावर ओढलं की त्या टोकाशी ताण प्रचंड वाढतो आणि कापड भोसकलं जातं. ओटोनं त्यावर काढलेला उपाय म्हणजे डोळा: टोकाच्या जागी दोराचा मोठा फास, पडदा त्या फासाला येऊन थांबतो आणि फास खांबाला लोंबतो. 1967च्या मॉन्ट्रियल एक्स्पोतला जर्मन मंडप रॉल्फ गुटब्रोड आणि ओटो यांनी केला, त्यात अशा डोळ्यांचा उपयोग आहे. मॉडेलमध्ये पडद्यात दोऱ्याचा सुटा फास टाका, आतला पडदा फोडा आणि फास वर उचला. झटकन गोल होऊन तो आपली जागा घेतो.

दुसरा प्रश्न कोपऱ्यावरच्या जोराचा. याला मॉडेलची गरज नाही, कागद पुरतो. काठाच्या केबलमधला जोर म्हणजे कापडातला दर मीटरचा ताण गुणिले कंसाची त्रिज्या. त्रिज्या काढायला पल्ल्याचा वर्ग भागिले झोळाची आठपट, त्यात झोळाचा निम्मा भाग मिळवायचा. पल्ला 12 मीटर, झोळ 1.2 मीटर: 144 भागिले 9.6 म्हणजे 15, अधिक 0.6, म्हणून त्रिज्या 15.6 मीटर. कापडाला सुरुवातीचा ताण मीटरला 2 किलोन्यूटन दिला तर केबलमध्ये सुमारे 31 किलोन्यूटन. कोपऱ्यात अशा दोन केबल येतात आणि आत झुकल्यामुळे त्यांच्यातला कोन काटकोनापेक्षा बराच लहान असतो, म्हणून मिळून ओढ साधारण 57 ते 58 किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ सहा टन.

आता झोळ निम्मा करा, 0.6 मीटर. दिसायला काठ ताठ, 'स्वच्छ' होतो आणि विद्यार्थ्यांना तोच आवडतो. त्रिज्या होते 30.3 मीटर, केबलमध्ये 60 किलोन्यूटनच्या वर आणि कोपऱ्यावर 100. म्हणजे फक्त काठ सरळ दिसावा म्हणून पाया आणि मास्ट (छत धरणारे खांब) पावणेदोन पट दणकट करायचे. हे सगळं वारा सुटायच्या आधीचं, नुसत्या ताणाचं. काठाचा झोळ पल्ल्याच्या 8 ते 12 टक्के ठेवतात त्याचं कारण हेच.

स्टॉकिंग टाकून द्यायची गरज नाही. जागेचा अंदाज, सावली, आतून कसं दिसेल, यासाठी ते उत्तम. पण विणलेलं कापड एका दिशेला जास्त ताणतं, दुसऱ्या दिशेला कमी, आणि कुठे किती ओढलंय ते दिसत नाही. त्यावरून मोजमाप घेऊ नका. हवं तर कापडावर आधी एक सेंटिमीटरचा चौकडा काढा. ताणल्यावर चौकोन कुठे फार लांबट झाले ते दिसेल आणि ताण कुठे असमान आहे ते कळेल.

मॉडेलची मर्यादा कुठे येते हे म्युनिकनं दाखवलं. 1972च्या ऑलिंपिकचं छत सरसकट ओटोच्या नावावर सांगितलं जातं, ते बरोबर नाही. 1967ची स्पर्धा ग्युंटर बेनिश आणि त्याच्या भागीदारांनी जिंकली. मॉन्ट्रियलच्या मंडपावरून तंबूची कल्पना त्यांनी घेतली, ओटो सल्लागार म्हणून आला, इंजिनिअरिंग लेओनहार्ट आणि आंद्रे यांच्या कार्यालयाचं, त्यात तरुण योर्ग श्लाइख. तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये हे श्रेय नीट लिहा.

म्युनिकच्या छताची केबलची जाळी 75 सेंटिमीटरच्या चौकड्याची आणि केबल कारखान्यातून मापात कापून येणार. तारांची मोजमाप मॉडेलं 1:125 प्रमाणात होती. तिथे एक मिलिमीटर चुकला की जागेवर साडेबारा सेंटिमीटर. पोलादाच्या केबलला एवढी चूक सोसत नाही: 50 मीटरची केबल पाच सेंटिमीटर आखूड आली तर ती जागेवर बसवताना दर चौरस मिलिमीटरला दीडशे न्यूटनच्या आसपास जादा ताण येतो. म्हणून स्टुटगार्टच्या क्लाउस लिंक्विट्झनं मॉडेलांचे फोटो मोजून मिळालेल्या आकड्यांवर गणित चढवलं आणि हान्स-योर्ग शेक या सहकाऱ्याबरोबर 1971मध्ये फोर्स डेन्सिटी पद्धत मांडली. छताच्या काही भागांचं गणित जॉन आर्गिरिसच्या गटानं केलं.

ही पद्धत तुम्हाला स्प्रेडशीटमध्ये करता येते आणि ती केलीत तर ओटो निम्मा समजेल. केबलच्या प्रत्येक तुकड्यातला जोर भागिले त्याची लांबी, हे गुणोत्तर आधीच ठरवून टाकायचं. तसं केलं की समतोलाची समीकरणं अगदी सोपी होतात: सगळी गुणोत्तरं सारखी असतील तर प्रत्येक गाठीची उंची म्हणजे शेजारच्या चार गाठींच्या उंचीची सरासरी. दीड मीटरचा चौकडा घ्या, म्हणजे 9 बाय 9 गाठी. तीन शीट करा, दोन आडव्या मापांची, एक उंचीची. चार कोपऱ्यांत आकडे पक्के लिहा. आतल्या प्रत्येक घरात चार शेजाऱ्यांची सरासरी. काठावरच्या गाठीला तीन शेजारी: काठावरच्या दोघांना वजन 10, आतल्याला 1, आणि बेरजेला 21नं भागा. सेटिंगमध्ये इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन चालू करा, नाहीतर सर्क्युलर रेफरन्सची चूक दाखवेल. आकडे हलायचे थांबेपर्यंत गणित पुन्हा पुन्हा चालवा. काठाचे आकडे स्थिरावायला वेळ घेतात.

10 वजनाला काठाचा झोळ मीटरभराच्या आसपास येतो. 5 करा, झोळ वाढतो. 20 करा, काठ सरळ होतो. कापडाचा ताण मीटरला 2 किलोन्यूटन धरला तर काठाचं गुणोत्तर 20, गुणिले तुकड्याची लांबी दीड मीटर, म्हणजे सुमारे 30 किलोन्यूटन. वर सूत्रानं काढलेला 31 आणि हा आकडा एकाच घरातले निघाले, म्हणजे तुमचं शीट शुद्धीवर आहे. एक फरक लक्षात ठेवा: सारखी गुणोत्तरं म्हणजे तंतोतंत सारखा ताण नव्हे, त्यामुळे हा आकार साबणापेक्षा किंचित वेगळा असतो. तुमच्या उंचीला तो फरक चालून जातो.

लोंबत्या साखळीची मॉडेलं वेगळ्या कामाची आहेत, ती कापडी छताला लावू नका. साखळी फक्त ओढ घेते. तिचा आकार उलटा केला की त्याच वजनाखाली फक्त दाब घेणारी कमान मिळते. ओटोनं हे लाकडी जाळीच्या कवचासाठी वापरलं. मानहाइमची मल्टीहाले (1975) हे त्याचं सर्वात मोठं उदाहरण. आर्किटेक्ट कार्लफ्रीड मुचलर आणि योआखिम लांगनर, इंजिनिअर ओव्ह अरुपचे टेड हॅपल्ड आणि इयान लिडल. हेमलॉक लाकडाच्या 50 बाय 50 मिलिमीटरच्या पट्ट्या, 50 सेंटिमीटरचा चौकडा, जास्तीत जास्त पल्ला सुमारे 60 मीटर. जाळी जमिनीवर सपाट जोडली आणि खालून मनोऱ्यांवर उचलत नेली.

हे जमतं कारण चौकोनी जाळीला कर्ण नसतात. चौकोन तिरका होऊन समभुज चौकोन बनू शकतो, म्हणून सपाट चटई दोन्ही दिशांना वाकते. पण तीच तिची कमजोरीही आहे, म्हणून आकार मिळाल्यावर तिरप्या दिशेनं बारीक केबलच्या जोड्या घालून चौकोन बांधून टाकले. पट्ट्यांचे दोन थर का? 100 मिलिमीटर जाडीची पट्टी एवढ्या बाकाला वाकली नसती, 50ची एकटी कवच लचकू न देण्याइतकी ताठ नव्हती. दोन पातळ थर वेगवेगळे वाकवून मग बोल्ट आवळले की ते एकत्र काम करतात. बोल्टची भोकं लांबट ठेवली होती, नाहीतर वाकताना थर एकमेकांवर सरकलेच नसते. शेवटी पाण्यानं भरलेल्या कचरापेट्या जाळीला टांगून वजनाची चाचणी घेतली.

साखळीचा आकार ती किती जड आहे यावर अवलंबून नसतो, म्हणून लहान मॉडेल खरं बोलतं. ताठपणा आणि लचकणं मात्र असं प्रमाणात मोठं होत नाही. 1:100चं मॉडेल भक्कम वाटलं म्हणून इमारत भक्कम ठरत नाही. शिवाय उलटी साखळी फक्त स्वतःच्या वजनाचं उत्तर देते, एका बाजूनं येणाऱ्या वाऱ्याचं नाही.

शिक्षक म्हणून ओटो पाहायचा तर स्टुटगार्टचं त्याचं इन्स्टिट्यूट पाहा. लेओनहार्टच्या बोलावण्यावरून 1964मध्ये तो तिथे आला आणि हलक्या बांधकामांची संस्था सुरू केली. त्याआधीच बर्लिनमध्ये जीवशास्त्रज्ञ योहान-गेऱ्हार्ड हेल्मके यांच्याबरोबर डायॅटम या पाण्यातल्या एकपेशीय शेवाळाच्या सूक्ष्म कवचांचा अभ्यास सुरू झाला होता. आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि जीवशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसवायची ती रीत त्यानं स्टुटगार्टमध्ये नेली. साबणाच्या पडद्यांचे फोटो घेऊन मापं काढायला तिथे खास यंत्र होतं. संस्थेची इमारतसुद्धा मॉन्ट्रियलच्या मंडपासाठी केलेल्या चाचणी-जाळीतूनच झाली: एक मास्ट, एक डोळा, वर लाकडी आच्छादन. स्टुटगार्ट विद्यापीठाच्या फायहिंगेन कॅम्पसमध्ये ती आजही उभी आहे. 1991मध्ये तो निवृत्त झाला. 9 मार्च 2015ला त्याचं निधन झालं आणि दुसऱ्या दिवशी त्याला प्रिट्झकर हे आर्किटेक्चरमधलं मानाचं पारितोषिक मिळाल्याची घोषणा झाली. बातमी त्याला आधी कळवलेली होती.

वाचायचं तर संस्थेनं काढलेले अभ्यासअंक आधी शोधा. साबणाचे बुडबुडे, जाळीची कवचं, किमान जाळी, एकेका विषयाला एक अंक, आणि प्रयोग कसा लावला त्याचे फोटो भरपूर. तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नसले तर इतर जुन्या आर्किटेक्चर कॉलेजांत चौकशी करा.

पुढच्या ज्युरीला शीटवर एवढं लावा: साबणाच्या मॉडेलचा बाजूनं काढलेला फोटो, मागे ग्राफपेपर, कॅमेरा दोन-तीन मीटर लांब ठेवून झूम केलेला, म्हणजे मापं वाकडी येत नाहीत. त्याशेजारी स्प्रेडशीटमधून काढलेला दोन्ही कर्णांवरचा छेद. झोळ 0.6 आणि 1.2 घेतल्यावर कोपऱ्यावरचा जोर, दोन आकडे ठळक. आणि एका खालच्या कोपऱ्याचं 1:10 ड्रॉइंग, ज्यात केबलचं टोक, टर्नबकल (केबल आवळायचा स्क्रू), प्लेट, पाया आणि पाणी जाण्याची वाट दिसेल. प्लेटमधून जाणाऱ्या सगळ्या केबलच्या मध्यरेषा एका बिंदूत मिळतात का ते तपासा. त्या मिळाल्या नाहीत तर प्लेट पिळवटते, आणि ज्युरीतला इंजिनिअर सगळ्यात आधी तिकडेच बोट दाखवेल.